गुडघे वाकत नाहीत. काणकोणला माडांच्या बागेत छोटा मुक्कामाचा ट्रेलर एकट्याने लेव्हल कसा करावा?

चाकाखाली उतरता रॅम्प आणि कोपऱ्यांच्या जॅकसाठी कॉर्डलेस ड्रिल घ्या, बहुतेक काम उभ्यानेच होईल. क्रम मात्र चुकवू नका. आधी डावं-उजवं, तेही गाडी जोडलेली असतानाच: खाली गेलेल्या बाजूचं चाक हळू रॅम्पवर चढवा. चाकांमधलं अंतर 1.8 मीटर आणि कल 2 अंश असेल तर साधारण 6 सेंटिमीटर उंची लागते. मग चाकांना पुढून-मागून अडण लावा (काठीने ढकला, काढायला दोरी बांधून ठेवा) आणि त्यानंतरच हुक सोडा. उलटं केलंत तर ट्रेलर घरंगळतो. मग पुढचं-मागचं लेव्हल पुढच्या, हुकाजवळच्या जॅकने करा. शेवटी कोपरे: ड्रिलला लांब एक्स्टेन्शन आणि नटाला बसणारा सॉकेट, बऱ्याचदा 19 मिमी. जॅक टेकला की किंचित ताण द्या, बस्स. हे जॅक डोलणं थांबवायला असतात. त्यांनी ट्रेलर उचलाल तर चौकट पिळते आणि दार अडकतं.

तिथल्या रेताड जमिनीत जॅक रुततात, म्हणून प्रत्येकाखाली 30×30 सेंटिमीटरचा 18 मिमी मरीन प्लाय टाका. हाताशी चिऱ्याचे (जांभा दगडाचे) तुकडे असतातच, पण ते नकोत: कडेवर भार आला की फुटतात. रात्री पाऊस झाला तर सकाळी लेव्हल पुन्हा बघा.

मनगटात जोर कमी असेल तर ड्रिलचा क्लच (पिळाचा जोर ठरवणारी आकड्यांची कडी) खालच्या आकड्यावर ठेवा, नाहीतर जॅक टेकताच ड्रिल हाताला जोरात पिळा देतं.