तांब्याचा रंग की तांब्याविना?

प्रश्न : सॅन दिएगोच्या शेल्टर आयलंड बंदरात आमची ३० फुटी, फायबरग्लासची शिडाची नौका असते. महिन्यातून एकदाच ती बाहेर निघते. शेवाळ-शिंपले रोखणाऱ्या तांबेयुक्त रंगांवर निर्बंध आल्याचे ऐकतो. तळाला कोणता रंग लावावा?

उत्तर : कॅलिफोर्नियात तांबेयुक्त रंगांवर सरसकट बंदी नाही. मात्र १ जुलै २०१८ पासून करमणुकीच्या नौकांच्या रंगातून दर चौरस सेंटिमीटरमागे दिवसाला ९.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक तांबे पाझरता कामा नये, अशी मर्यादा आहे. तुमच्या बंदरात तर पाण्यात उतरणारे तांबे ७६ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट २००५ सालीच ठरले होते; कारण शेवाळाला आणि शिंपल्यांना रोखणारे हेच तांबे कालवांच्या पिल्लांनाही मारते.

सिलिकॉनचा निसरडा लेप आकर्षक वाटेल, पण त्याचा गुण नौका वेगाने चालली तरच दिसतो. महिनाभर धक्क्याला बांधलेल्या नौकेवर शेवाळ धरतेच, आणि खरखरीत ब्रशने तो लेप फाटतो. शिवाय त्याआधी जुना रंग बहुधा पूर्ण खरवडावा लागतो, जो खर्च रंगाच्या डब्याहून मोठा असतो. म्हणून तुमच्या जुन्या थरावर बसणारा, तांब्याऐवजी दुसरे जैवनाशक (शेवाळ-शिंपल्यांना मारणारे रसायन) असलेला, हळूहळू झिजणारा रंग मला अधिक सोयीचा वाटतो. पाणबुड्याला मऊ कापडानेच तळ पुसायला सांगा. (नौका ॲल्युमिनियमची असती, तर तांब्याचा विचारच नको होता, त्याने धातू कुरतडला जातो.)