पहिल्यांदाच ट्रेलवर (गाडीने कच्च्या, खडबडीत वाटेवर) येताय? मग एवढं वाचा

नवी थार घेतलीत, अभिनंदन! विंच (गाडी ओढायची दोराची चरखी), स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), मोठे टायर यांवर आत्ता एक रुपयाही घालू नका. कंपनीतून आलेली गाडी पहिल्या दिवसाला पुरते.

– चिखल किंवा चढ लागायच्या आधीच, गाडी थांबवून फोर-लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) टाका. नव्यांना ते रुतल्यावर आठवतं.
– टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवा. डांबरावर परतण्याआधी पुन्हा भरायची, त्यामुळे पंप सोबत हवाच.
– उतारावर पहिला गिअर, पाय क्लचपासून लांब. क्लच दाबलात की इंजिनाचा ब्रेक गेला आणि गाडी सुटली.
– अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं. माझा अंगठा पंधरा दिवस सुजला होता, मोबाइलसुद्धा धरवत नव्हता.

रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. मावळातली पावसाळी माती चाकं अशी गिळते की गाडी पोटावर बसते. लगेच हात वर करा, ओढायला आम्ही आहोत. फक्त गाडी ओढायचा पट्टा ताणलेला असताना त्याच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही, पोरंटोरं तर नाहीच. हे मी ओरडून सांगतो, राग मानू नका.

आणि हो, कपड्यांचा एक जोड जास्तीचा आणा.