वाचकांचे प्रश्न : प्रकल्पाचे बोलणे कोठे चालावे?

प्रश्न : आमच्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पात सात मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, आहेत आणि अधूनमधून कोड पाठवणारे पंचवीस-तीस जण. सध्या सारी चर्चा गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील इश्यूंवर, म्हणजे अडचणी व सूचनांच्या नोंदींवर, होते. काहींना चॅटसाठी डिस्कॉर्ड हे ॲप हवे आहे, काहींना स्लॅक, तर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मेलिंग लिस्टशिवाय (सर्व सदस्यांना एकत्र जाणाऱ्या ईमेलशिवाय) दुसरे काही पटत नाही. कोणी नाराज होऊ नये म्हणून तिन्ही सुरू करावीत का?

उत्तर : तिन्ही सुरू करू नयेत. एवढ्या माणसांची चर्चा तीन ठिकाणी वाटली गेली, तर तिन्ही जागा ओस वाटतील आणि नवख्या माणसाला आपला प्रश्न नेमका कोठे विचारावा हेच कळणार नाही.

माध्यमाच्या आधी एक गोष्ट ठरवावी : निर्णय झाला असे केव्हा मानायचे? अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत याचे उत्तर पक्के आहे. बोलणे कोठेही होवो, निर्णय मेलिंग लिस्टवरच व्हावा लागतो, आणि मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवतात, जेणेकरून वेगळ्या प्रमाणवेळेच्या देशातील किंवा दिवसभर नोकरीत अडकलेल्या सदस्यालाही मत देता यावे. आपल्याकडे मेलिंग लिस्टचे काम गिटहबचे इश्यू करू शकतील. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना इश्यूंच्या सूचना ईमेलवर येतात आणि तेथूनच उत्तरही देता येते, हे त्यांना अवश्य सांगावे.

चॅट मात्र हवेच, कारण ‘बिल्ड अडकले आहे, कोणी पाहील का?’ यासाठी इश्यू उघडायला माणूस संकोचतो. अडचण अशी, की चॅटवर दिलेले चांगले उत्तर दोन दिवसांत वर सरकून दिसेनासे होते आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत. डिस्कॉर्डवरचे संदेश टिकतात, पण ते सर्च इंजिनला सापडत नाहीत, त्यामुळे बाहेरून शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा आहेत. माझा कल झुलिप या चॅट ॲपकडे आहे. ते स्वतः ओपन सोर्स आहे, त्यात संभाषणे विषयांनुसार वेगळी ठेवता येतात, आणि निवडक चॅनेल खाते न उघडता वाचता येतील अशी सोय त्यात करता येते. तुमचे बहुतेक योगदानकर्ते आधीपासूनच डिस्कॉर्डवर असतील, तर मात्र मी त्यांना तेथून हलवणार नाही.

चॅट कोणतेही असो, तेथे काही ठरल्यास चर्चेतील एकाने त्याच दिवशी संबंधित इश्यूवर चार ओळी लिहाव्यात : काय ठरले, कोणता पर्याय का नाकारला, आणि हरकत कधीपर्यंत घेता येईल. हे काम कंटाळवाणे आहे आणि कोणी आपणहून करत नाही, म्हणून आळीपाळीने एकेकाकडे सोपवावे.

सुरक्षेच्या त्रुटींसाठी मात्र खासगी वाट लागतेच. अन्यथा त्रुटी दुरुस्त होण्याआधीच ती जगजाहीर होते. गिटहबवर अशी खासगी तक्रार स्वीकारण्याची सोय प्रकल्पाच्या सेटिंगमधून सुरू करता येते.

प्रश्न : आमच्या जुन्या आयआरसी (जुन्या पद्धतीचे लिखित चॅट) चॅनेलवर आता फारसे कोणी नसते. ते नव्या चॅटला ब्रिजने (एका चॅटमधील संदेश दुसऱ्यात पोहोचवणाऱ्या जोडणीने) जोडावे की बंद करावे?

उत्तर : ब्रिजच्या भरवशावर राहू नये. २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी जाळ्याच्या मालकीवरून वाद होऊन अनेक प्रकल्प लिबेरा चॅट या नव्या आयआरसी जाळ्यावर गेले आणि त्याला मॅट्रिक्स या दुसऱ्या चॅट व्यवस्थेशी जोडणारा अधिकृत ब्रिजही २०२३ मध्ये बंद पडला. ब्रिज चालवायला आपलाच माणूस आणि त्याची जागा घेणारा दुसरा नसेल, तर चॅनेल बंद केलेले बरे. तेथे अजून उत्तरे देणाऱ्या सदस्यांना आधी विचारावे, चॅनेलच्या शीर्ष ओळीत नवा पत्ता लिहावा आणि चॅनेलचे नाव मात्र आपल्याच ताब्यात ठेवावे, कारण मोकळे सोडलेले नाव कोणीही घेऊन प्रकल्पाच्या नावाने बोलू शकतो. रीडमी (प्रकल्पाची ओळख देणारी फाइल) आणि दस्तऐवजांतील जुने दुवेही त्याच दिवशी बदलावेत. ही गोष्ट हमखास राहून जाते.