रोमहून एका दिवसात डोंगरावरचं गाव बघायचं तर ऑर्व्हिएतो: कसं जायचं, काय आधी बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका सेमिस्टरसाठी रोमला शिकायला आलेले चौघं, त्यातले दोघं शाकाहारी. गाडी भाड्याने न घेता सकाळी निघून रात्री परतता येईल असं डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव कोणतं, आणि माणशी पन्नास युरोत जमेल का?

ऑर्व्हिएतोला जा. जमेल, पण जेवणावर हात आखडता घ्यावा लागेल.

अशा गावांची खरी अडचण असते स्टेशनपासून माथ्यापर्यंतची. सान जिमिन्यानोला रेल्वेच नाही. मोन्तेपुल्चानोचं स्टेशन गावापासून कित्येक किलोमीटर लांब आहे. असिसीला खाली उतरून बसची वाट बघावी लागते. सिएना सुरेख आहे, पण रोमहून जाऊन-येऊन अर्धा दिवस प्रवासातच जातो. ऑर्व्हिएतोला स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी उताराची रेल्वे. ती दोन-तीन मिनिटांत १५७ मीटर वर नेऊन सोडते. १८८८ साली सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. तिकीट वर चढल्यावर मिळेल असं समजू नका, खालीच घ्या. त्याच तिकिटावर वरून कॅथेड्रलच्या चौकापर्यंत जाणारी छोटी बसही चालते.

रोम तेर्मिनी या मुख्य स्टेशनवरून रेजिओनाले, म्हणजे साधी पॅसेंजर गाडी घ्या. सव्वा ते दीड तास लागतो, भाडं एका बाजूचं नऊएक युरो. आरक्षण नसतं, त्यामुळे आगाऊ काढून काही स्वस्त पडत नाही. इंटरसिटी थोडी लवकर पोचते, पण तिचं तिकीट ठरावीक गाडीचंच असतं आणि ती चुकली की पैसे जाऊ शकतात. चौघांपैकी एकजण हमखास उशिरा येणार, म्हणून रेजिओनालेच बरी.

या प्रवासात माणसं दोन ठिकाणी अडकतात. एक, तेर्मिनीवर फलकावर फलाटापुढे ‘एस्त’ (पूर्व) लिहिलेलं असेल तर तो फलाट मुख्य ओळीच्या टोकाला बराच आत आहे. आठ-दहा मिनिटं चालावं लागतं, आणि धावत जाऊनही गाडी समोरून निघून जाते. ही धास्ती नको असेल तर तिबुर्तीना स्टेशनवर चढा. दोन, कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा. मोबाईलवर काढलं असेल तर गाडीत चढण्याआधी चेक-इन करायचं. नुसतं तिकीट काढून पुरत नाही, शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे दंड, आणि ‘आम्ही परदेशी विद्यार्थी’ हे तिथे चालत नाही.

आदल्या रात्री ‘शोपेरो’ म्हणजे संप आहे का ते बघा. तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांतल्या ठरलेल्या लोकल गाड्या धावतात, म्हणजे त्यातही सहल साधते. सुट्टीच्या दिवशी ही हमी नसते.

आठच्या आसपासची गाडी धरा. वर पोचलात की सगळे सरळ कॅथेड्रलकडे निघतात, तुम्ही जाऊ नका. फ्युनिक्युलरच्या वरच्या थांब्याजवळच ‘पोत्झो दि सान पात्रिझिओ’ ही विहीर आहे. ती आधी उरका. लोक ती परतताना बघू म्हणून ठेवतात आणि संध्याकाळी पाय बोलायला लागले की वगळतात. २४८ पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या आहेत, हे सकाळचंच काम.

ही विहीर माझ्या मते गावातली सगळ्यात बुद्धिमान वस्तू आहे. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवा क्लेमंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं, म्हणून त्याने आन्तोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराला विहीर खोदायला सांगितलं. ती १५३७ मध्ये पुरी झाली. खोली सुमारे ५३ मीटर. मधल्या पोकळीभोवती दोन गोल जिने एकमेकांवर असे गुंफले आहेत की ते कुठेच एकत्र येत नाहीत. पाणी आणणारी खेचरं एकाने उतरायची, तळाशी छोटा पूल ओलांडून दुसऱ्याने चढायची, समोरासमोर गाठ पडायचीच नाही. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत त्या खेचरांसाठीच. दोघं उतरायच्या आणि दोघं चढायच्या जिन्यावर एकाच वेळी असायला हवेत, म्हणजे आतल्या खिडक्यांतून समोरचे मित्र दिसतात, पण जिन्यात गाठ पडत नाही. रचना तेव्हाच डोक्यात उतरते. उताराची वाट ठरलेली असल्याने एक जोडी तळाकडे पुढे गेली आणि चढायला लागली की हे सहज जमतं. तळाशी चांगलाच गारवा असतो, घाम घेऊन उतरू नका.

मग कोर्सो कावूर या मुख्य रस्त्याने रमतगमत वर या, पंधरा-वीस मिनिटं लागतील. गुरुवार किंवा शनिवार असेल तर पियात्सा देल पोपोलो या चौकात सकाळचा बाजार भरतो. तिथून फळं आणि पाव घ्या, पैसे वाचतील. कॅथेड्रलच्या चौकात पोचताच गावाखालच्या भुयारांच्या फेरीची वेळ नक्की करा. ती मार्गदर्शकासोबतच करता येते आणि इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात. हे गाव टफ या दगडावर उभं आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्टही ज्वालामुखीचाच, पण तो थिजलेल्या लाव्ह्याचा. हा साचून घट्ट झालेल्या राखेचा, म्हणून मऊ. त्यामुळे एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांच्या, काळापासून लोकांनी घराखाली खोदत खोदत विहिरी, तळघरं, तेलाचे घाणे केले. भिंतीत कबुतरांसाठी ओळीने कोरलेले चौकोनी कोनाडे दिसतील. कबुतरं पाळायची ती खाण्यासाठी.

जेवायला एकच्या आत बसा. अडीचनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी साडेसातला उघडतात, आणि उपाशी ग्रुपचं भांडण याच वेळेला होतं. बिलात ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलाचा आकार, म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात, ती फसवणूक नाही. शाकाहाऱ्यांनी ‘ऊम्ब्रिकेल्ली’ ही इथली जाड हातवळणीची पास्ता मागवावी, पण ट्रफलच्या (जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीच्या) सॉसमध्ये कधी कधी अँचोव्ही मासळी असते, तेव्हा विचारून घ्या. बेकरीत गोगलगायीच्या आकाराची ‘लुमाकेल्ला’ दिसेल. ती साधा पाव वाटते, आत डुकराचं मांस असतं. ‘सेन्झा कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हटलं तर हॅम चालेल असा समज होऊ शकतो, म्हणून ‘निएन्ते प्रोशुत्तो’ (हॅम नको) हेही म्हणा. रेस्टॉरंट परवडत नसेल तर पिझ्झा वजनावर घ्या (एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम) आणि फ्युनिक्युलरजवळच्या जुन्या किल्ल्याच्या बागेत बसा. फुकट आहे, आणि खाली पाल्या नदीचं खोरं दिसतं.

कॅथेड्रल दुपारनंतर. त्याचं दर्शनी तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी ते सावलीत असतं आणि चारनंतर मोझेइकवर ऊन आलं की सोनं पेटल्यासारखं दिसतं. सोनं बघून लगेच आत शिरू नका. खालचे चार रुंद खांब नाकाजवळ जाऊन बघा. डावीकडच्या पहिल्यावर दगडी वेलींच्या आड झोपलेल्या आदमची बरगडी देव काढतो आहे. उजवीकडच्या शेवटच्यावर मेलेली माणसं शवपेट्यांची झाकणं उचलून बाहेर येत आहेत. चौदाव्या शतकातलं हे काम इतकं बारीक आहे की एका खांबाला दहा मिनिटं द्यावीत. आत सान ब्रिझिओच्या चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीची १४९९ ते १५०४ मधली भित्तिचित्रं आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना आत जायला दुपार होते.

हिशेब: रेल्वे जाऊन-येऊन अठरा, फ्युनिक्युलर तीनएक, विहीर आणि कॅथेड्रल प्रत्येकी पाचच्या आसपास, भुयारं आठच्या घरात. उरले दहाएक, म्हणजे वजनावरचा पिझ्झा आणि काउंटरला उभं राहून कॉफी. टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते. पाणी विकत घेऊ नका, ‘पोताबिले’ (पिण्याचं) लिहिलेल्या नळावर बाटली भरा. विद्यार्थी ओळखपत्र जवळ ठेवा आणि प्रत्येक खिडकीवर सवलत विचारा.

चिविता दि बान्योरेज्जो हे जवळचं दुसरं डोंगरावरचं गावही त्याच दिवशी करू, असा मोह कुणाला तरी होईल. बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि रविवारी त्यावर विसंबता येत नाही. तो दिवस वेगळा ठेवा. बूट रबरी तळाचे घाला, पाऊस पडला की इथली दगडी फरशी घसरते. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा, आणि फ्युनिक्युलर रात्री किती वाजता बंद होते ते सकाळीच फलकावर बघा. ती चुकली तर स्टेशनपर्यंतचा सगळा उतार अंधारात पायी.