क्लासिकचा चॉपर करू का?

प्रश्न : माझी 2022 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 आहे. रोज कऱ्हाड-सातारा ये-जा असते, रविवारी आईला मागे बसवून मामाकडे जातो. चॉपर स्टाइलसाठी उंच एप हँगर हँडल, 150 मिमी रुंदीचा मागचा टायर, मोठ्या आवाजाचा इंदौरी सायलेन्सर आणि अर्धा कापलेला मडगार्ड करायचा आहे. 40 हजार जमवलेत. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : सायलेन्सर पहिला मनातून काढा. माझ्या गॅरेजात तो मी लावून देत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. तुमची गाडी बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची आहे. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, खबर देतो आणि त्यावर पेट्रोलचं माप ठरतं. मोकळा पाइप लावला की ते माप बिघडतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 182अ आहेच : बेकायदा बदल केला की प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा कैदसुद्धा.

टायर मूळचा 120/80-18 च ठेवा. त्या रिमवर 150 चा टायर चिमटून बसतो आणि गाडी वळायला जड होते.

मडगार्डचं मात्र मी हात जोडून सांगतो. आई मागे बसते ना? मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं, असा केंद्रीय मोटार वाहन नियम 123 आहे. साडीचा पदर चाकात गेला तर काय होतं ते मी पाहिलंय. साडी गार्डही काढू नका.

एप हँगरने हायवेवर सगळा वारा छातीवर येतो, खांदे भरून येतात. क्लच केबल, ब्रेकचा होज, वायरिंग सगळं लांबवावं लागतं. त्याऐवजी हँडल उचलणारे इंचभराचे रायझर बसवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना ते बघा.

खरा पैसा सीटवर घाला. चांगला फोम, तुमच्या उंचीला बेतलेला, आईसाठी मागचा भाग रुंद. आणि टाकीसाठी स्टिकर नको, ट्रकवर नक्षी काढणारा जुना पेंटर शोधा. एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यातही टाकीवरच्या सोनेरी रेषा हातानेच ओढत आलेत. तशी रेष दुसऱ्या कुणाच्या गाडीवर दिसणार नाही. टाकीचा मूळ रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर नोंद लागते.

काढलेले मूळ पार्ट गोणपाटात गुंडाळून ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक तेच आधी मागतं.