मंडळी गायली का?

ख्रिस्तात प्रिय,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. तू चर्चमध्ये गाणी चालवतोस. उपासना संपल्यावर लोक येऊन "आज गाणी फार छान झाली" म्हणतात आणि तुला मात्र आतून रितं वाटतं, कारण गाणी चालू असताना समोर बहुतेकांची तोंडं मिटलेली असतात. वडीलमंडळाला जुनी गीतं हवीत, तरुणांना नवी, आणि तू दोघांच्या कात्रीत सापडलायस. नवा ड्रमसेट घ्यावा की हे काम सोडून द्यावं, असं विचारतोस.

दोन्ही नको. जुनं की नवं हा वादही तूर्त बाजूला ठेव. रविवारी घरी जाताना स्वतःला एकच विचार: मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेले सगळे, गायली का? "छान झाली" ही दाद मैफलीला मिळते. उपासनेत गाणारी ती मंडळी. तू, की-बोर्डवाला, ड्रमवाला, क्वायर, सगळे तिला हात द्यायला उभे आहात. प्रेषित पौलाने बायबलमधल्या पत्रात कलस्सैकरांना लिहिलं (३:१६) ते सगळ्या मंडळीला उद्देशून लिहिलं: स्तोत्रं, गीतं गाऊन एकमेकांना शिकवा, बोध करा. एकमेकांना! मिटल्या तोंडाने कोण कोणाला शिकवणार?

लोकांच्या तोंडचं गाणं याआधीही गेलेलं आहे. चौथ्या शतकात लाओदिकीयाच्या परिषदेने नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी मंडळीत गाऊ नये, असा नियम केला. पुढे कित्येक शतकं पाश्चात्त्य चर्चमध्ये उपासनेतलं गाणं बहुतांशी नेमलेल्यांकडेच राहिलं. लोकांना ते परत द्यायला १५२४ साली जर्मन धर्मसुधारक ल्यूथर आणि त्याच्या साथीदारांचं पहिलं गीतपुस्तक निघालं, त्यात अवघी आठ गीतं होती. आठ. आणि तू दर आठवड्याला एक नवं गाणं आणतोस.

आता कामाचं. लोक गप्प बसले की आपण त्यांच्या भक्तीवर शंका घेतो. आधी पट्टीवर घे. तू गाणं रेकॉर्डवरच्याच पट्टीत उचलतोस, आणि ती पट्टी त्या एका गायकाच्या गळ्यासाठी निवडलेली असते. मंडळीचा गळा खालच्या पांढरी सहापासून (की-बोर्डवरचा A; पांढरी एक म्हणजे C) वरच्या पांढरी दोनपर्यंत (D) आरामात फिरतो (पुरुष तेच सूर एक सप्तक खाली गातात). पांढरी तीनला जाता-येता स्पर्श झाला तर चालतं. तिथे मुक्काम केलास की आधी पुरुष गप्प होतात, मग बायका खालच्या सप्तकात उतरतात आणि पुटपुटायला लागतात. म्हणून हिशोब गाण्याच्या सर्वांत उंच सुरावरून कर, षड्ज (सा) नंतर ठरव. समज, गाणं पांढरी दोनमध्ये आहे आणि धृपदात सूर वरच्या पांढरी पाचला जातो. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून पाच घरं खाली आण: की-बोर्डचं ट्रान्सपोझ वजा पाच, षड्ज पांढरी सहावर. उंच सूर आता बरोबर पांढरी दोनवर बसला. मग खालचा टोकाचा सूर बघ. कडवं त्या पट्टीत मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) पांढरी तीनपर्यंत उतरत असेल तर ते गाणं एकट्या गळ्यासाठी बांधलेलं आहे. कडवं खाली गुणगुणायचं आणि धृपदाला सप्तकभर उडी मारायची, अशी रचना हल्ली सर्रास दिसते. गायकाला ती शोभते, मंडळी नेमकी त्या उडीपाशी तुटते. असं गाणं कितीही आवडलं तरी एखाद्याला एकट्याने गाऊ दे, बाकीच्यांना शांत ऐकू दे. त्यात कमीपणा नाही. मंडळीच्या नावावर ते चालवू मात्र नकोस.

लय ठरवायला मेट्रोनोमच्या (ठोके देणाऱ्या यंत्राच्या) आधी श्वास वापर. गाण्यातली सर्वांत लांब ओळ वाद्यांशिवाय एका श्वासात म्हणून बघ, आणि श्वास तुझा धरू नकोस, सत्तरीतल्या माणसाचा धर. ओळ मध्येच तुटली तर लय फार संथ आहे. शब्द एकमेकांवर आदळले तर फार घाईची. मोठ्या, घुमणाऱ्या चर्चमध्ये लय जराशी सैल लागते, कारण आधीच्या शब्दाचा नाद पुढच्या शब्दावर पडतो. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटर लांब चर्चच्या शेवटच्या बाकावर तुझा सूर एक दशांश सेकंद उशिरा पोचतो, आणि त्यांचा तुझ्याकडे परत यायला तेवढाच वेळ घेतो. मागचे लोक रेंगाळतायत असं ड्रमवाल्याला वाटतं ते यामुळे. त्यांना ओढायला तो लय वाढवतो, आणि मग ते खरंच सुटतात. त्याला सांग, मागून येणारा आवाज ऐकून वाजवायचं नाही, पायाच्या ठेक्यावर ठाम राहायचं.

गाण्याआधी वाजवायचा तुकडा म्हणजे गाण्याची शेवटची ओळ, सरळ, गायच्याच लयीत. ती ओळ षड्जावर येऊन थांबते, त्यामुळे सुरुवातीचा सूर लोकांना आपोआप सापडतो. मग एक पूर्ण ठेका मोकळा सोड, सगळ्यांना दिसेल असा श्वास घे, आणि सुरू कर. दोन कडव्यांमधला अवकाशही प्रत्येक वेळी तेवढाच ठेव. एकदा दोन मात्रा, एकदा सहा असं केलंस की निम्मे लोक आधी उठाव घेतात, ओशाळतात आणि पुढच्या कडव्याला तुझ्या तोंडाकडे बघत थांबतात. इतकी बारीक गोष्ट, पण माणूस ओशाळला की तो गात नाही.

नवा ड्रमसेट मागतोस, त्याआधी हे कर. फोनवर आवाज मोजायचं अॅप घे आणि चर्चच्या मधोमध बस. मंडळी वाद्यांशिवाय मोकळ्या गळ्याने गाते तेव्हा किती डेसिबल येतात ते टिपून ठेव. समज ७५ आले. आता वाद्यं आणि माइक एकटे ७५च्या वर जाता कामा नयेत. दोन्ही सारखे असले की मिळून ७८ होतात आणि शेजाऱ्याचा आवाज कानावर पडत राहतो. वाद्यं ८५वर गेली की मंडळीच्या आवाजाची त्यात जेमतेम अर्ध्या डेसिबलचीही भर पडत नाही. म्हणजे बाकावरचा माणूस गायला काय, न गायला काय, फरकच नाही, आणि हे त्याला कोणी न सांगता कळतं. दुसऱ्या कडव्यापासून तू स्वतः माइकपासून एक पाऊल मागे हो. मला माहीत आहे, हे जड जातं. मंडळी गायली का, एवढंच धरून ठेव.

पडद्यावरचे शब्द ज्याच्याकडे आहेत तो तुझ्या वाद्यवृंदातलाच माणूस आहे, त्याला सरावाला बोलाव. एका पडद्यावर दोन ते चार ओळी, आणि ओळ श्वासाच्या जागी तोडलेली. शेवटच्या ओळीचे दोन-तीन शब्द उरले असतानाच पुढचा पडदा आला पाहिजे. शब्द संपल्यावर बदलला तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द कोणीच गात नाही. भाषांतरित गाण्यांत आणखी एक खोड असते: लांब सूर ऱ्हस्व अक्षरावर पडतो. "कृपा" मधला "कृ" चार मात्रा ताणलास की "क्रूपा" होतं, अर्थ जातो आणि जीभही अडखळते. तिथे शब्दांची जागा बदल किंवा दीर्घ अक्षराने सुरू होणारा शब्द शोध. जो समजत नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणेल, असं पौल करिंथकरांना विचारतो (१ करिंथ १४:१६).

जुन्या-नव्याचं उत्तर मतात नाही, आकड्यात आहे. वर्षाचे ५२ रविवार, दर रविवारी पाच गीतं, म्हणजे २६० जागा. गीत पाठ व्हायचं तर वर्षात चारेक वेळा यायला हवं, म्हणजे सुमारे ६५ गीतं. तेवढीच यादी कर. नवं गीत महिन्याला एकच: पहिल्या रविवारी उपासनेआधी पाच मिनिटं, वाद्यांशिवाय, आधी धृपद आणि मग ओळीमागून ओळ, पुढचे दोन रविवार सलग, एक रविवार सुट्टी, मग पुन्हा. नंतर कडवं सुरू झाल्यावर लोकांनी पडद्यावरून नजर उचलली तर ते यादीत ठेव. नाही उचलली तर काढून टाक, कोणी आणलं होतं ते न बघता. यादीत विलापाला जागा दे. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत आणि ८८वं तर अंधारातच संपतं. ज्याच्या घरात नुकतं मयत झालंय त्याला पाचही गाणी आनंदाची दिलीस तर तो गाणार काय?

माझं बोलणं तुला हेकट वाटेल. वाटू दे. मीही बरीच वर्षं वाद्यमेळ बसवण्यात घालवली, मंडळीकडे पाठ करून. त्या वर्षांत जे गप्प बसायला शिकले त्यांतले बरेच पुन्हा गायला लागले नाहीत, आणि त्याची भरपाई आता माझ्या हातात नाही. म्हणून कोणी मला कडक म्हटलं तर मी माघार घेत नाही. चांगलं वाजवणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. भरपूर सराव कर, बेसूर वाजवून नम्रपणा दाखवू नकोस. शलमोनाच्या मंदिरात १२० याजक कर्णे वाजवत होते (२ इतिहास ५), ते काही कमी नव्हतं. पण वाजवणारे आणि गाणारे मिळून एकच सूर उठला, हे तिथे मुद्दाम लिहून ठेवलंय.

येत्या रविवारी सर्वांना पाठ असलेलं एक गीत शेवटी घे. शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं थांबव, ड्रमसुद्धा, आणि तू माइक सोडून खाली पहिल्या बाकाशी ये. आवाज पहिल्या ओळीला पडेल, कारण त्यांना सवय नाही. घाबरून की-बोर्डला खूण करू नकोस, दुसऱ्या ओळीपर्यंत थांब. कोणत्या शब्दावर आवाज परत आला आणि कोणत्या बाजूचे बाक गप्पच राहिले, तेवढं मला लिही. पट्टी काय ठेवली होतीस तेही.

तुझा,
प्रभूच्या सेवेतला एक म्हातारा सोबती