एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाची मूल्ये साहित्यात आणि राजकारणात कशी दिसतात?

त्या समाजाच्या मूल्यांचा खरा कस विधवांच्या आणि बालविवाहाच्या प्रश्नावर लागला, म्हणून तेथूनच पाहावे. १८५६ साली विधवापुनर्विवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी विधवांची दुःस्थिती मांडत आली. तरीही घराघरांत केशवपन, म्हणजे विधवेचे डोके भादरणे, चालूच राहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा वृत्तपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर ताशेरे ओढले गेले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून रोखठोक उत्तर दिले आणि जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांतही नाहीत का, असा सवाल केला. माझ्या मते त्या शतकातील इतके निर्भय मराठी लेखन विरळाच.

१८९१ मध्ये मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेले किमान वय, दहावरून बारा करणारा कायदा झाला, तेव्हा परक्या सरकारने धर्माचारात हात घालू नये म्हणून टिळकांनी विरोध केला, तर रानडे आणि आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू ‘करमणूक’ पत्रातून आपली कहाणी घरगुती बोलीत सांगत होती. नवरा गेल्यावर तिचे केशवपन बळजबरीने होते. राजकारणात मात्र काँग्रेसच्या १८९५ च्या पुणे अधिवेशनाच्या मंडपात समाजसुधारकांच्या सामाजिक परिषदेला जागा मिळाली नाही.